नुसत्या वजनावर बोकड निवडू नका

संपादक महोदय,

चाकणच्या बाजारात पैदाशीचा बोकड घेताना पहिला प्रश्न एकच असतो, वजन किती? त्यासाठी बोअर या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या दक्षिण आफ्रिकी शेळीच्या जातीशी संकर करण्याची चढाओढ आता शिरूर तालुक्यातही दिसते. वाढीचा वेग आनुवंशिक असतो, निवडीने तो सुधारतो, हे खरेच. पण एक गुण ओढला की त्याला बांधलेले इतरही सोबत येतात.

गुरांमध्ये हे जगाने पाहिले आहे. मायोस्टॅटिन हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. बेल्जियन ब्लू जातीत ते निकामी झालेले आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. म्हणून ती जनावरे मांसाने फुगलेली दिसतात. मात्र रसाळपणा देणारी, धाग्यांत मुरलेली चरबीही त्यांच्यात फार थोडी. वासरे इतकी भरदार, की बहुतेक गायींचे पोट चिरूनच ती काढावी लागतात.

शेळी म्हणजे गाय नव्हे, मान्य. पण गेल्या पावसाळ्यात थोराड बोकडाकडून भरवलेली माझी पहिलटकरीण शेळी रात्रभर अडून राहिली. पहाटे ती गेली, करडूही गेले. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुणे, अहिल्यानगर, नाशिकची संगमनेरी शेळी आपली आहे. बोकड विकताना पैदास केंद्रांनी वजनासोबत त्याच्या करडांचे जन्मवजन, विताना आलेल्या अडचणी, आईची जुळी वेते आणि मांसाची प्रत यांची नोंदही द्यावी. पशुसंवर्धन खात्याने ती सक्तीची करावी.

– एक शेळीपालक, शिरूर (जि. पुणे)