मेजर नाही म्हणून मतही नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या कॉलेजात (नाव मुद्दाम देत नाहीये, अजून दीड वर्ष तिथेच काढायचंय) यंदा स्टुडंट कौन्सिलच्या जागा डिपार्टमेंटवार वाटल्यात आणि अट अशी की ज्या डिपार्टमेंटची जागा त्याच विषयात तुमचं मेजर (म्हणजे मुख्य विषय) पाहिजे, उभं राहायला पण आणि मत द्यायला पण. आता नव्या शैक्षणिक धोरणात आपल्याकडे बीए-बीएस्सीला पहिल्या वर्षी तीन विषय सारखेच असतात, मेजर ठरतं एस.वाय.ला, मग एफ.वाय.च्या पोरांनी काय करायचं? माझ्या चुलत बहिणीचा फॉर्म खिडकीवरूनच परत आला. मेजरच्या रकान्यात तिने बिचारीने तिन्ही विषय लिहिलेले, त्यावर लाल पेनाने काट आणि बाजूला 'लागू नाही'. फी मात्र पूर्ण लागू आहे बरं का.

त्यात ज्या डिपार्टमेंटचा वर्ग हॉलमध्ये मावत नाही त्याला एक जागा आणि ज्याचा सगळा वर्ग दोन बाकांवर बसतो त्यालाही एकच, त्यामुळे कुठलं मेजर घेतलं की बिनविरोध येता येईल याचा हिशोब कँटीनमध्ये उघड चालू असतो. विषय आवडतो का वगैरे नंतर.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तर सरळ आहे, प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी आणि तो त्या वर्गातल्या मुलांनीच निवडायचा. पण त्या कायद्याखालची निवडणूक २०१९ ला पुढे ढकलली गेली आणि कॉलेजं आपापले नियम करत बसली. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनेसुद्धा वय, ७५ टक्के हजेरी, विषय राहिलेले नसावेत, खर्च ५ हजारांच्या आत, अशाच गोष्टी बघितल्या होत्या. १९९४ च्या कायद्यात वर्गातला टॉपर थेट कौन्सिलवर जायचा, म्हणजे तेव्हा मार्क बघायचे, आता मेजर. पोरांना कोण हवंय ते विचारायचं राहिलंच.

सर म्हणतात डिपार्टमेंटचे प्रश्न डिपार्टमेंटच्याच मुलांना कळतात. थोडं खरं आहे, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट पुरत नाहीत हे इकॉनॉमिक्सवाल्याला कुठून कळणार. पण लेडीज रूममध्ये पाणी नसणं, रीडिंग हॉल सहालाच बंद होणं, रिझल्ट लटकणं, यात कुठलं मेजर आलं?

डिपार्टमेंटची जागा ठेवायचीच असेल तर तो विषय शिकणाऱ्या सगळ्यांना धरा ना, मेजर असो, मायनर (दुय्यम विषय) असो की एफ.वाय.चे तीन विषय असोत, आणि मतदार यादी हजेरीपटावरून करा, तो ऑफिसात तयारच असतो. फॉर्मची मुदत संपत आलीये, तेवढं पत्र लवकर छापलंत तर बरं होईल.

– एस.वाय.ची एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे