किलीमांजारोच्या बातमीत डोंगर कुठे आहे?

महोदय,

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे मराठी वृत्तपत्रांत एक बातमी हमखास वाचायला मिळते : आपल्याकडच्या कुणा विद्यार्थ्याने, पोलीस कर्मचाऱ्याने किंवा साठी ओलांडलेल्या गिर्यारोहकाने टांझानियातील किलीमांजारो सर करून तेथे तिरंगा फडकवला. या मंडळींचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु चढणाऱ्याचे वय, तेथली थंडी आणि ५,८९५ मीटर हा आकडा यांपलीकडे त्या डोंगराविषयी बातमीत काही नसते, हे भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला खटकते.

किलीमांजारो कोणत्याही पर्वतरांगेत बसत नाही. आपला सह्याद्री घडवणारा लाव्हारस लांबलचक भेगांतून वाहत दूरवर पसरला, म्हणून त्याचे थरावर थर बसून पठार झाले. येथे तो ठरावीक मुखांतून पुन्हा पुन्हा उसळून भोवतीच साचत गेला, म्हणून माळावरून जवळजवळ ४,९०० मीटर उंच डोंगर एकटाच उभा राहिला. वस्तुतः ते तीन ज्वालामुखी आहेत. त्यांतला सर्वांत जुना, ‘शिरा’ नावाचा, खचून पठारासारखा झाला आहे, मावेंझीचे झिजून दातेरी सुळके उरले आहेत, आणि सारे ज्यावर चढतात तो किबो अद्याप पुरता विझलेला नाही. मावेंझी सारखा किबोकडे विस्तव मागायला जाई, वैतागून एकदा किबोने त्याला बडवून काढले, म्हणून तो असा मोडकातोडका दिसतो, अशी पायथ्याच्या चग्गा लोकांची कथा आहे. वर्गात हा धडा मी कथेपासूनच सुरू करीत असे.

या चग्गांनी दक्षिण उतारावर घडवलेली शेती शिखराइतकीच पाहण्याजोगी आहे. उंच झाडांच्या सावलीत केळी, केळींखाली कॉफी, त्याखाली कंद आणि भाजीपाला अशी मजल्यामजल्यांची बाग घराभोवती असते आणि वरच्या जंगलातले ओढे अडवून, कड्याकपारींतून काढलेल्या पाटांनी तिला पाणी मिळते. या पाटांना ते ‘म्फोंगो’ म्हणतात. केळी आणि नाचणी आंबवून ते ‘म्बेगे’ नावाचे पेय करतात. आपल्या कोकणातली नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेच्याच डोंगराळ भागातली आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

बागांच्या वर दाट जंगल, त्यावर झुडपांचा पट्टा आणि त्याहून वर महाकाय सेनेसिओ येतात. दिवसा कडक ऊन आणि रोज रात्री गोठवणारी थंडी सोसण्यासाठी ही झाडे आपली वाळलेली पाने गाळत नाहीत, खोडाभोवती घोंगडीसारखी लपेटून ठेवतात.

विषुववृत्ताजवळ बर्फ आहे असे योहानेस रेबमान या मिशनऱ्याने १८४८ मध्ये पाहून कळवले, तेव्हा लंडनमधल्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढले होते. तेच बर्फ आता संपत चालले आहे. १९१२ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटर असलेले हिमक्षेत्र २००७ पर्यंत दोनहूनही कमी उरले. याचे खापर केवळ वाढत्या तापमानावर फोडले जाते, ते अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील हवा कोरडी होत गेली, हिमवृष्टी घटली आणि पुष्कळसे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन गेले. त्याच कोरडेपणामुळे वरच्या पट्ट्यातले वणवे वाढून जंगलाची सीमा खाली सरकली. ऑक्टोबर २०२० मधील वणवा त्यांपैकीच एक. पायथ्याच्या ओढ्यांचे पाणी मुख्यतः या जंगलावर पडणाऱ्या पावसाचे असल्याने चग्गा शेतकऱ्याला बर्फापेक्षा जंगलाची चिंता अधिक आहे.

राहिला मुद्दा ‘सर करण्याचा’. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ मध्ये शिखरावर पोहोचले, असे आपण शिकवतो. त्या मोहिमेत योहानी किन्याला लाऊवो हा चग्गा वाटाड्या होता असे टांझानियात मानले जाते आणि तेथे शताब्दीच्या वेळी, १९८९ मध्ये, त्याचा गौरव झाला. आजही प्रत्येक चढाईमागे वाटाडे आणि हमाल असतात. हमालाच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा नियमाने घातलेली आहे. आपल्या बातमीदारांनी पुढच्या २६ जानेवारीला गिर्यारोहकाला एवढेच विचारावे, की वाटाड्याचे नाव काय होते, आणि तो सांगू शकला तर ते छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, नाशिक