कळव्याच्या डिशवाल्या काकांना थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून विषयच संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि जरा डिटेलमध्ये लिहितेय, कारण तुम्ही नेमकं काय केलंत ते लोकांना कळलं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सहा फुटी डिश आहे, तिला ३६ व्होल्टचा ॲक्च्युएटर (डिश फिरवणारी मोटर) आणि समोर सी बँड आणि केयू बँड (सिग्नलचे दोन वेगळे फ्रिक्वेन्सी पट्टे) दोन्ही घेणारा एकच एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा. म्हणजे डिश एकच, ती फिरवायची आणि जो सॅटेलाइट समोर येईल त्याचे जे बँड मिळतील ते बघायचे. बसवणारे बसवून गेले, सी बँड ६८.५ डिग्रीपासून १०५.५ पर्यंत (हे आकडे म्हणजे सॅटेलाइट ज्या पूर्व रेखांशावर आहे तो) मस्त, पण केयूचं काही खरं नव्हतं. ८३ वर लॉक (सिग्नल पकडला जायचा), ९३.५ वर आजीची सह्याद्री अडकत अडकत, १०८.२ वर काहीच नाही. ज्याला विचारावं तो म्हणे एलएनबी गेला, एकाने तर अख्खी डिशच बदला सांगितलं. काहीही विकत घ्यायला न सांगणारे तुम्ही पहिलेच भेटलात.

तुम्ही आलात आणि एलएनबीकडे बघितलंच नाही, आधी पिशवीतून ओळंबा काढलात. मी मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप दाखवत होते तर म्हणालात राहू दे, ३५,७८६ किलोमीटरवरचं काही बघायचं असेल तर खांब आधी सरळ पाहिजे, आणि ओळंबा खोटं बोलत नाही. मग दक्षिण, कारण माउंट, म्हणजे डिश ज्यावर फिरते तो सांगाडा, बरोब्बर दक्षिणेला लावावा लागतो. होकायंत्र गच्चीच्या लोखंडी कठड्यापाशी भलतंच दाखवतं म्हणून तुम्ही सावलीवर गेलात. जानेवारी होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घड्याळाची वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३ वर, त्यामुळे आपल्याकडे सूर्य बरोब्बर दक्षिणेला येतो तो बाराला नाही, जानेवारीत पावणेएकच्या आसपास. त्या वेळेला खांबाची सावली जिथे पडली तिथे तुम्ही खडूने रेघ मारलीत. ती उत्तर-दक्षिण रेघ मी नंतर ऑइलपेंटने पक्की करून ठेवलीय, पावसात जायला नको.

आणि मग तुम्ही जे समजावलंत त्यासाठी खरं तर हे पत्र. सी बँडची लाट साधारण साडेसात सेंटिमीटरची, केयूची अडीच. म्हणून त्याच सहा फुटी डिशचा झोत सी बँडला जवळजवळ तीन डिग्री रुंद आणि केयूला जेमतेम एक. माउंट डिग्रीभर हललेलं असलं तरी सी बँड चालून जातो, काही तक्रार करत नाही, आणि आपल्याला वाटतं आर्क (सगळे सॅटेलाइट ज्या कमानीवर आहेत ती) जमला. तुम्ही म्हणालात "सीवर जमलं म्हणून जमलं धरायचं नाही, केयूला विचारायचं." आता केयूला विचारायचं कुठे, तर डीटीएचवाल्यांच्या सॅटेलाइटवर, ८३, ८८, ९३.५, १०८.२. ९३.५ वरची फ्री डिश सोडली तर पैसे भरल्याशिवाय चॅनल दिसणार नाहीत पण सिग्नलची क्वालिटी मोजायला लॉक पुरतो, आणि हे फुकटचे मीटर आपल्या डोक्यावर कायम आहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

मग ते हाताने डिश दाबून बघणं. पूर्वेच्या टोकाला डिश थोडी वर उचलली की सिग्नल वाढत होता, पश्चिमेला खाली दाबली की वाढत होता. एकीकडे वर, एकीकडे खाली म्हणजे अख्खं माउंट पश्चिमेकडे वळलेलं, दोन्हीकडे वरच किंवा दोन्हीकडे खालीच हवी असती तर डिक्लिनेशनचा कोन (माउंटवर डिश किती झुकवायची तो) बघायचा, जो आपल्या ठाण्याला साधारण ३.३ डिग्री लागतो. एवढं सोपं निदान आणि त्यासाठी एक रुपयाचं सामान लागलं नाही. खडूच्या रेघेवर माउंट फिरवलंत, नट कसलेत, आणि १०८.२ चा केयू पहिल्यांदा लॉक झाला.

९३.५ वर तर तुम्ही मुद्दाम थांबलात. तिथे केयूसाठी जीसॅट-१५, सी बँडसाठी जीसॅट-१७, एकाच जागी. म्हणजे मोटर एका जागी थांबल्यावर दोन्ही बँड एकदमच टिपेला आले पाहिजेत, नाहीतर एलएनबी मधोमध नाही. माझा नव्हता. डिशच्या काठावरून दोरी ताणून खोली मोजलीत, ३० सेंटिमीटर, व्यास १८०, व्यासाचा वर्ग भागिले खोलीच्या सोळा पट, साडेसदुसष्ट सेंटिमीटर, म्हणजे डिशच्या तळापासून एलएनबी जेवढ्या अंतरावर हवा ते. तेवढ्यावर एलएनबी आणून मधोमध केलात आणि आजीची सह्याद्री तेव्हापासून अडकलेली नाही. आजीने तुम्हाला वेगळे आशीर्वाद सांगितलेत.

त्या दिवशी १०५.५ वर डिश नेल्यावर तुम्ही गप्प झालात आणि मग म्हणालात की १९९२ मध्ये केबलच्या धंद्यात असताना तुमची डिश याच जागेकडे होती, एशियासॅट-१ वर, झी टीव्ही सुरू झाला तेव्हा. आता तिथे एशियासॅट-७ आहे. मला तो काळ माहीत नाही पण तेव्हा डिश कशा हाताने, अंदाजाने आणि चिकाटीने लावल्या जायच्या हे तुमच्याकडून ऐकायला फार आवडलं, परत या आणि अजून सांगा.

बाकीच्या दोन गोष्टी पण इथे टाकतेय कारण कोणाच्या तरी कामी येतील. एक, एलएनबीला ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा फिल्टर लावायचा, म्हणजे तेवढाच सिग्नल आत येतो. फाइव्हजीला ३.३ ते ३.६७ दिलेत, जुना एलएनबी ३.४ पासून सगळं ओढून घेतो आणि जवळ टॉवर असला की सी बँड गुदमरतो. दुसरं, ॲक्च्युएटरचं रबरी बेलो (दांड्यावरचं घड्यांचं आवरण) पावसाळ्याआधी तपासायचं आणि पाणी बाहेर जायचं भोक खालच्या बाजूला ठेवायचं. आत पाणी गेलं की मोटर किती सरकली ते मोजणाऱ्या रीड सेन्सरचे पल्स चुकतात आणि साठवलेल्या सगळ्या पोझिशन एकदम सरकतात. यंदा जुलैमध्ये धो धो पावसात केयू जात-येत होता, तो जाणारच, पण सी बँड ढिम्म हलला नाही आणि पोझिशन जिथल्या तिथे होत्या.

ऐरोलीला माझ्या मामेभावाला अशीच डिश लावायचीय. ओळंबा आणि सावलीपर्यंत मी त्याला नेईन, केयूच्या वेळी तुमची गरज लागेल. तुम्ही हो म्हणालात तरच तुमचा नंबर त्याला देईन, तेवढं सांगा.