प्रार्थनेचं खातं आईकडेच का?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे झाला, आपल्या पेपरात त्यानिमित्ताने बापावर बरंच छापून आलं, मी सगळं वाचलं आणि आवडलंही. पण एक गोष्ट मनात राहिली म्हणून लिहितोय, पत्र थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा. आमचा समाज लहान आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे पूर्ण एक टक्काही नाही, त्यात घरी मराठी बोलणारे अजून कमी, आणि पेपरात आमच्याबद्दल जे काय येतं ते नाताळच्या आठवड्यात. त्यामुळे आमच्या घरात मुलं कशी वाढतात हे बाहेर फारसं माहीत नसतं. ऑफिसमधल्या काही जणांना अजून वाटतं की आम्ही घरी इंग्लिश बोलत असणार. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबा मिलमध्ये कामाला म्हणून भायखळ्याला आले आणि इथलेच झाले, घरी भाकरी कालवण आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं, ती पण भजनाच्या चालीवर. आता आम्ही विक्रोळीला राहतो पण रविवारी उपासनेला भायखळ्यालाच जातो.

तर मुद्दा असा. गेल्या वर्षी माझा मुलगा दृढीकरणाच्या क्लासला बसला (बाळपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्याची तयारी), नववीत होता तेव्हा. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पहिल्याच दिवशी मुलांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुम्हाला प्रार्थना करायला कोणी शिकवलं ते लिहा. माझ्या मुलाने लिहिलं, मम्मी आणि आजी. बस, तेवढंच. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेब मला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने म्हणाले, अहो तुमच्या मुलाने तीमथ्याचं उत्तर लिहिलंय. मला तेव्हा नीट कळलं नाही, घरी येऊन शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकारी तीमथ्याला लिहितो की तुझ्यात जो विश्वास आहे तो आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके हिच्यात होता. बापाचं नावच नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात फक्त एवढं येतं की तो ग्रीक होता. म्हणजे तीमथ्याच्या बापाला निदान हा विश्वासच नव्हता असं म्हणता येईल, पण मी तर मंडळीचा, म्हणजे चर्चच्या कारभारातला, पंच, नऊ वर्षं पंच आणि त्यातली पाच वर्षं सेक्रेटरी, आणि माझ्या मुलाच्या कागदावर माझं नाव नाही.

रात्री झोप लागली नाही. हिशोब करत बसलो की मी होतो कुठे. सकाळी आठच्या आत घर सोडायचं, विक्रोळीहून करी रोड, तिथून चालत लोअर परळ, संध्याकाळी परत तसंच लोंबकळत. मंगळवारी पंच मंडळाची मीटिंग, शुक्रवारी दुसरी कुठली तरी कमिटी, चर्चचं छप्पर गळतंय, कब्रस्तानाचे कागद, नाताळचा बाजार, रविवारी उपासना झाल्यावर सगळे घरी जेवायला गेले की आम्ही हिशोब करत बसणार. आणि मला वाटत होतं की हे देवाचंच काम आहे म्हणजे घरचं आपोआप होईल. जुन्या करारात एली नावाचा याजक आहे, मंदिरात सेवा करून म्हातारा झालेला, छोट्या शमुवेलाला त्याने वाढवलं, देवाची हाक कशी ओळखायची ते शिकवलं, पण त्याची स्वतःची मुलं हफनी आणि फिनहास त्याच मंदिरात राहून वाया गेली आणि एलीने त्यांना आवरलं नाही. ही गोष्ट मी स्वतः शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, सांगितलेली आहे. दुसऱ्यांच्या मुलांना.

आमच्याकडे बापाची जबाबदारी म्हटलं की दोन वचनं सगळ्यांना पाठ असतात. एक, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा. दुसरं नीतिसूत्रातलं, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. आता पहिलं वचन पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे आणि चौथ्याच वचनात पौल बापांकडे वळतो आणि म्हणतो, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. शिस्त आणि शिक्षण त्याच्यानंतर येतं, त्याच वचनात. आधी चिरडीस आणू नका, मग शिस्त. कलस्सैच्या पत्रात पण हेच परत आहे, तिथे कारण पण दिलंय की नाहीतर मुलं खचून जातात. आणि हे कुठल्या काळात लिहिलंय ते बघा. इफिस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं मोठं शहर, राज्य रोमी लोकांचं, आणि रोमी कायद्यात बापाचा मुलावर जवळजवळ मालकासारखा हक्क, जन्मलेलं मूल ठेवायचं की टाकायचं हे सुद्धा बाप ठरवायचा. असल्या जगात एक माणूस कैदेत बसून बापाला सांगतोय की पोराला चिडवू नको, त्याला खचवू नको. हे मला फार मोठं वाटतं आणि आम्ही बापांनी हे वचन कधी पाठ केलं नाही.

माझे बाबा मिलमध्ये साच्यावर होते. चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रोज संध्याकाळी चटई टाकून सगळ्यांना बसवायचे, एक गीत, शास्त्राचा एक भाग, मग प्रार्थना, आणि शेजारच्या काकू पण दारात येऊन उभ्या राहायच्या. म्हणजे मला हे घरातच मिळालं होतं, बापाकडून. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, आमचे बाबाही, मी तेव्हा अकरा वर्षांचा. पहिले काही महिने प्रार्थना चालू राहिली, नंतर बाबांचा राग वाढत गेला, पट्ट्याने मारायचे, आणि मारताना तेच छडीचं वचन म्हणायचे. एकदा शब्बाथ शाळा बुडवून मी राणीच्या बागेत गेलो म्हणून दुपारी भरपूर मार खाल्ला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मलाच प्रभूची प्रार्थना सांगायला बसवलं. हे आमच्या स्वर्गातील पित्या, एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. पिता म्हणजे काय हे लेकराला समोर बसलेल्या माणसावरूनच कळतं ना. बाबा वाईट नव्हते हो, शाळेत जाताना तांब्यात निखारे घालून माझ्या शर्टाला इस्त्री तेच करायचे, संपाच्या दिवसात सुद्धा एक दिवस चुकवलं नाही. पण चुकलो असं ते मला कधी बोलले नाहीत, आणि मी ती प्रार्थना लग्न होईपर्यंत मोठ्याने म्हटली नाही.

आणि मी काय केलं, तर माझ्या मुलाला तसंच मारलं. पट्टा नाही, हात. मोबाईलवरून, मार्कांवरून. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने बंदी आहे, घरात बापाला विचारणारं कोणी नाही. छडीच्या वचनाबद्दल माझं मत सांगतो, स्तोत्र २३ मध्ये पण काठी आहे, मेंढपाळाची, आणि दावीद म्हणतो की ती मला धीर देते. जी काठी बघून मूल बापाकडे यायच्या ऐवजी मोरीत जाऊन लपतं ती मेंढपाळाची काठी नाही एवढं मला कळतं.

त्या कागदानंतर आठवड्याभराने मी मुलाला सॉरी म्हटलं. कसं म्हणायचं ते कळेना, शेवटी जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, कारण मारलं पण सगळ्यांसमोरच होतं. तो काही बोलला नाही, ताट उचलून गेला. माझी आई मात्र पदर डोळ्याला लावून बसली, ती काय आठवत होती ते मला माहीत आहे. मग सेक्रेटरीपद सोडलं. रात्री साडेनऊला दहा मिनिटं बसायला लागलो, मुलगी कॉलेजला आहे ती लगेच आली, मुलगा पहिला महिनाभर मोबाईल बघतच बसायचा, मी काही बोललो नाही, बोलायचा अधिकार अजून कमवायचा होता. बायकोला वाटलं तिचं काम मी काढून घेतोय, म्हणून आम्ही वार वाटून घेतले. खरी गोष्ट तर रस्त्यातच झाली. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की या गोष्टी मुलांना घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना सांगत जा. आमच्यासारख्या लोकलवाल्यांसाठी वाटेने चालताना हेच खरं. भायखळा स्टेशनला उतरून चर्चपर्यंत आम्ही दोघं चालत जातो, तिथे त्याने एकदा विचारलं की आजोबांनी एवढी प्रार्थना केली तरी मिल बंद का झाली. मी म्हटलं मला माहीत नाही रे, मी पण हेच विचारत मोठा झालो. त्या दिवसापासून तो बोलायला लागला. गेल्या महिन्यात एका रात्री म्हणाला, पप्पा तुम्ही दमलाय, आज मी करतो, आणि दोन वाक्यात प्रार्थना संपवली, त्यातलं एक होतं की पप्पांना उद्या ट्रेनमध्ये बसायला मिळू दे.

दावीद राजाची पण एक गोष्ट आहे जी आम्ही फारशी सांगत नाही. त्याचा मुलगा अबशालोम खून करून पळाला होता, तो यरुशलेमेत परत आला आणि दोन वर्षं त्याच गावात राहिला पण राजाने त्याला तोंड दाखवू दिलं नाही. एकाच गावात दोन वर्षं. पुढे पोरगा बंड करून मेला तेव्हा दावीद रडतोय की तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर. इथे वन रूम किचनमध्ये बाप आणि मुलगा दोन दोन वर्षं धड बोलत नाहीत अशी घरं मला माहीत आहेत, आमच्याच मंडळीत आहेत.

नाइट शिफ्टवाल्यांना, हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्यांना, बेस्टच्या ड्रायव्हर कंडक्टरना मी रोज साडेनऊला बसा असं सांगणार नाही, ज्याला जिथे जमेल तिथे. आणि ज्या घरात बाप नाही तिथे आई हे सगळं एकटीने करते, त्या घरांसाठी मंडळीतले आम्ही पुरुष काय करतो हे वेगळंच पत्र होईल.

माझी पाळकसाहेबांना आणि सगळ्या पंच बांधवांना दोन विनंत्या आहेत. मीटिंग आठवड्यात संध्याकाळी ठेवू नका, लहान मुलं असलेल्या बापाला त्या वेळी घरी जाऊ द्या. आणि फादर्स डेच्या रविवारी आम्हा बापांना पुढे बोलावून पेन आणि गुलाब देता ते प्रेमाने देता, पण पुढच्या वर्षी त्याऐवजी उपासनेनंतर अर्धा तास थांबवा आणि घरी प्रार्थना कशी घ्यायची ते शिकवा. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबरोबर आम्ही पण उभं राहून वचन दिलेलं असतं, पण काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही आणि विचारायची लाज वाटते. हॉलमध्ये खुर्च्या लावायला मी आणि माझा मुलगा लवकर येऊ.

आपला एक वाचक,
विक्रोळी, मुंबई