कोठीतले गहू आणि नागलीची भाकरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा स्टँडवर तू काहीच बोलली नाहीस. डबा हातात दिलास, "पोचलास की फोन कर" म्हणालीस आणि बाबांना घेऊन वळलीस. संगमनेर येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी कोठीच होती. तुला न विचारता मी गहू देऊन टाकले. तू दुपारी पडली असताना दिले, हे जास्त चुकलं. विचारलं असतं तर तू "बघू, दिवाळी होऊ दे" म्हणाली असतीस, आणि तुझ्यापुढे मला नाही म्हणता आलं नसतं.

ते गहू तू एप्रिलात उन्हं दाखवून, निवडून, एरंडेल लावून भरले होतेस. लहानपणी कोठीचं झाकण काढून मी त्यात कोपरापर्यंत हात खुपसून बसायचो. आत गार लागायचं, आणि एरंडेलाचा वास संध्याकाळपर्यंत हाताला राहायचा. म्हणून ती पोती उचलून देताना मलाही सोपं गेलं नाही, एवढं धरून चाल.

आता एक नीट ऐक. बाबा तुझ्या पोळीने आजारी पडलेले नाहीत. दवाखान्यातून येताना रिक्षात तू जे म्हणालीस, ते पुन्हा मनातसुद्धा आणू नकोस. बाबांच्या या सीलिॲक आजारात गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर चालून जातं. अन्न शोषून घेणारी आतली बारीक लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कल जन्मापासूनचा असतो, आजार उठतो मात्र कुठल्याही वयात. यात वाढणाऱ्या हाताचा काय दोष? चुकलो मी. दीड वर्ष बाबांचं पोट बिघडत होतं, हिमोग्लोबिन उतरत होतं, आणि मी फोनवर "तिखट कमी करा, रात्री लवकर जेवा" सांगत राहिलो. दोन डॉक्टरांनीही ॲसिडिटीच म्हटलं, पण मुलगा म्हणून मी तेव्हाच यायला हवं होतं.

तू म्हणतेस, माझ्यापुरत्या दोन पोळ्या लाटल्या तर काय बिघडलं? बिघडतं गं. ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोभर पदार्थात 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. पोळपाटाच्या भेगेत, चाळणीच्या जाळीत, तव्यावर उडालेल्या पिठात त्याहून जास्त सापडेल. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हामागून आपलं दळण टाकलं तरी तेच. म्हणून घरघंटी घेतली आहे, शुक्रवारी येईल. पैशांचं काढू नका, बोनसमधून घेतली. नागलीला सगळ्यात बारीक जाळी लावायची. आणि आजीची काठवट मी पुण्याला आणली आहे. टाकलेली नाही. इतकी वर्षं तिच्यात कणीक मळली गेली, लाकडातली ती आता धुऊन निघणार नाही. माझ्याकडे कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

नागली तुमच्यासाठी नवी नाहीच. इथे सगळे नाचणी म्हणतात, माझ्या तोंडी अजून नागलीच येतं. बाबा, संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा तुम्हीच कात्रण पाठवलं होतंत, आणि खाली पेनाने लिहिलं होतंत, "हे धान्य पूर्व आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आलं, आणि आपल्या पेठला आईच्या चुलीवर पोचलं." तेव्हा वाचून ठेवून दिलं. आता ते कात्रण माझ्या स्वयंपाकघरात चिकटवलंय. शंभर ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तुमची हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टर म्हणाले, म्हणूनही तीच धरली.

आई, तुझी नागलीची भाकरी मोडते म्हणून तू हात आखडतेस ना? मी महिनाभर रोज करून बघितली. ज्वारीसारखी नुसत्या पाण्यात भिजवू नकोस, उकड काढ. एक वाटी पीठ असेल तर एक वाटी पाणी, मीठ, थोडं तेल. खळखळ उकळी आली की गॅस बंद करून पीठ एकदम घाल, उलथन्याच्या दांड्याने ढवळ आणि दहा मिनिटं झाकून ठेव. कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, इथे ते काम उकडीच्या खळीला करावं लागतं. मग गरम असतानाच ओल्या हाताने मळ, अगदी मऊ होईपर्यंत. थापताना कड चिरली तर पाणी कमी पडलंय, पुन्हा मळ. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव आणि ते सुकायच्या आत उलट. रंग मुळातच तांबूस-काळा, त्यावरून भाजलेली कळत नाही. वासावर जा. ओल्या मातीसारखा वास गेला आणि खमंग यायला लागला की आचेवर धर. परवा माझी पहिल्यांदा टम्म फुगली. तुला फोन करणार होतो, पण तू रागावली होतीस.

रोज भाकरीच नको. सकाळी ताकातली आंबील, लसूण-जिरं घालून. दुपारी तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी. अनारसे, साबुदाणा, वरईची भगर, सगळं चालतं. चकलीच्या भाजणीत तेवढा गहू नको. नागली बुधवारच्या बाजारात गोदाकाठी गंगेवर पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांकडून घ्या. घरी आणली की मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळा, चुकून गव्हाचा दाणा आला असेल तर वरच राहतो. मग रोळून घ्या, खडे असतात.

आणि हिंग! डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक गव्हाचं पीठ असतं. घरातली डबी काढून टाक, तांदळाच्या पिठातला मिळतो तो मी पाठवतो.

बाबा, आता तुम्हाला. रविवारची मिसळ बंद नाही, फक्त पाव बंद. मिसळवाल्याकडे बसण्यापेक्षा मित्रांना घरी बोलवा, आई करेल. चहाबरोबर बिस्किट नाही, अर्धंही नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्याला नमस्कार करा आणि शेजारच्याला द्या, देव रागावत नाही. पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून "एकदाच" करू नका. आतली लव भरून यायला महिने लागतात, तुमच्या वयात जास्तच.

डॉक्टरांनी मुलांचीही तपासणी करायला सांगितली होती. माझं रक्त ठीक आलं, ताईचा रिपोर्ट सोमवारी येईल. काळजी करू नका, तिला काही त्रास नाही.

दिवाळीला चार दिवस आधी येतोय. आई, तोवर बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण तुझी भाकरी मोडली तरी बाबांना वाढ. मोडकी आजीचीही असायची, तुपात कुस्करून द्यायची.

तुमचा,
नंदू

ता. क. कोठी तशीच ठेव, देऊ नकोस. आतून धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळव. नवी नागली आली की मी भरतो.