हे शिक्षण घरबसल्या होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘घरबसल्या अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हा’ हा लेख काल वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज दवाखान्यातून आल्या आल्या हे पत्र लिहायला बसले आहे. लेखाचं कात्रण मला आईने पाठवलं, आईला माझ्या भाचीने. भाची कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालं आहे, तीन वर्षांचा अनुभव आहे, मनोरुग्णांबरोबर काम करायची तिला मनापासून ओढ आहे. कात्रणाखाली तिचा एका ओळीचा निरोप होता : ‘मावशी, लोन काढू का?’

ज्या पदाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याच पदावर मी इलिनॉय राज्यात काम करते. सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे मनोरुग्णांवर उपचार करणारी, पदव्युत्तर शिक्षण घेतलेली नर्स. त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी तुमच्या उपशीर्षकाबद्दल. ‘दोन वर्षांत मनोविकारतज्ज्ञ’ असं तुम्ही छापलंत. आम्ही मनोविकारतज्ज्ञ नाही. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ होण्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागतं आणि त्यावर चार वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून घ्यायचं प्रशिक्षण, करावी लागते. आम्ही नर्स आहोत, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या. निदान करतो, औषधं लिहून देतो, समुपदेशन करतो, पण आमची वाट वेगळी आहे आणि ती आमची स्वतःची आहे. लेखात तिला ‘नवं करिअर’ म्हटलंय, तेही चूक. मनोरुग्णांच्या नर्सना पदव्युत्तर शिक्षण द्यायला हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात १९५४ मध्ये सुरुवात केली. नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पना १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी आणली, लहान मुलांच्या तपासणीसाठी. या दोन प्रवाहांतून आमचं पद तयार झालं.

दुसरं, क्रम. भाचीसारखी मुलगी कोल्हापुरातून थेट या मास्टर्सला बसू शकत नाही. आधी तिला एनसीएलईएक्स ही इथली नर्सच्या परवान्याची परीक्षा पास व्हावी लागेल, इथल्या एखाद्या राज्याचं आर.एन. (नोंदणीकृत नर्स) लायसन्स मिळवावं लागेल, मग व्हिसा. भारतात जन्मलेल्या नर्ससाठी व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची आहे. हे सगळं झाल्यावर मास्टर्सचा प्रवेश. लेखात यातलं काही नाही. त्यात लॅपटॉप आहे, फीचे हप्ते आहेत आणि पगार आहे. पगाराबद्दल माझी तक्रार नाही, पगार चांगलाच आहे.

माझी तक्रार ‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल आहे.

पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, शारीरिक तपासणी, हे विषय ऑनलाइन होतात. मीही तसेच केले, नाइट ड्युटी करून. पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान ५०० तास प्रत्यक्ष रुग्णांसमोर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली घालवावे लागतात. इथल्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी तर ७५० तास सांगितले आहेत. लहान मुलं, तरुण, म्हातारी माणसं, सगळे रुग्ण बघावे लागतात आणि मानसोपचाराच्या किमान दोन पद्धतींत प्रत्यक्ष काम करावं लागतं. ज्याच्या देखरेखीखाली हे तास होतात त्याला प्रिसेप्टर म्हणतात. आणि हा प्रिसेप्टर, संपादक महोदय, बऱ्याच ऑनलाइन विद्यापीठांत विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा असतो. फी विद्यापीठाला, गुरूचा शोध विद्यार्थ्याकडे.

माझ्या विद्यापीठाने ६०० तास मागितले होते आणि एक यादी दिली होती. त्या यादीतले तीन दवाखाने बंद पडलेले निघाले. मी एक वही केली. त्या वहीत शेवटी ७१ नावं झाली. ई-मेल, फोन, पुन्हा फोन. सुट्टीच्या दिवशी बायोडेटाच्या प्रती घेऊन मी दवाखान्यांच्या दारोदार फिरले. रिसेप्शनवरच्या मुली सभ्यपणे कागद ठेवून घ्यायच्या. ‘आम्ही विद्यार्थी घेत नाही’, ‘आम्ही फक्त मेडिकलचे विद्यार्थी घेतो’, ‘पुढच्या वर्षी विचारा’. बहुतेकांकडून काहीच नाही. प्रिसेप्टरला या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत, रुग्ण बघायचा वेळ मात्र जातो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत, त्या एका रोटेशनचे (एका ठिकाणच्या प्रशिक्षणाच्या फेरीचे) हजारो डॉलर घेतात. माझ्याजवळ ते नव्हते. विद्यापीठाच्या कार्यालयाला मी चार वेळा लिहिलं. ‘चिकाटी ठेवा’ असं उत्तर आलं. माझं एक सत्र बुडालं आणि कर्जावरचं व्याज चालूच राहिलं. अठरा वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई मी, पण त्या हिवाळ्यात माझ्या शिक्षणाची कुणालाच गरज नाही असं वाटून मी गाडीत बसून रडले आहे.

शेवटी नाइट ड्युटीवरच्या एका मैत्रिणीच्या ओळखीने नव्वद मैलांवरच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या एका मानसिक आरोग्य केंद्रात जागा मिळाली. आठवड्यातून दोन दिवस, पहाटे चारला निघायचं. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनर माझ्या प्रिसेप्टर झाल्या, वयाची साठ वर्षं ओलांडलेल्या.

तिथला एक दिवस सांगते, कारण तुमचा लेख वाचताना तोच दिवस पुन्हा पुन्हा आठवत होता.

एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कित्येक वर्षं लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर स्थिर. त्या दिवशी हात थरथरत होते, दोन दिवस जुलाब होत होते. मी झोप विचारली, मूड विचारला, आत्महत्येचे विचार येतात का विचारलं, फॉर्मवरचं सगळं विचारलं. थरथर मी ‘चिंता’ म्हणून लिहून टाकली. माझ्या प्रिसेप्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होत्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘गुडघा कसा आहे?’ आत येताना बाई लंगडत होत्या, भिंतीला हात लावत आल्या होत्या. ते मी पाहिलंच नव्हतं. मी माझ्या कागदांत होते. बाईंनी पर्समधून दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांची बाटली काढली. बर्फावरून घसरल्या होत्या, दोन आठवडे दिवसातून तीन वेळा घेत होत्या. ते औषध डॉक्टरने दिलेलं नव्हतं, म्हणून ‘कोणती औषधं घेता’ या माझ्या प्रश्नाच्या उत्तरात ते आलं नव्हतं.

आयब्युप्रोफेनने मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात ते साठत जातं. हे मला पाठ होतं. आदल्याच सत्रात या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान असावं लागतं. त्याच तासात बाईंना इमर्जन्सीला पाठवलं तेव्हा त्यांचं दोनच्या वर निघालं. चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. मी एकटी असते तर चिंतेची गोळी लिहून घरी पाठवलं असतं. त्या घरी गेल्यावर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला झोपेतून उठवतो. प्रिसेप्टर मला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी मला खुर्चीतून उठून दारापर्यंत जायला लावलं, म्हणजे तो आत कसा चालत येतो ते दिसावं. मी आजही जाते.

हे शिक्षण लॅपटॉपवर कुठे होतं, ते लेखकाने मला दाखवावं. डॉक्टर मंडळी म्हणतात की आमचे प्रशिक्षणाचे तास त्यांच्या मानाने फार कमी आहेत. त्यात तथ्य आहे, मला त्याचा अपमान वाटत नाही. म्हणूनच जे थोडे तास आहेत ते चांगल्या माणसाजवळ बसून झाले पाहिजेत, ओळखीपाळखीने कुठूनतरी सह्या गोळा करून नव्हे. सह्या गोळा करणारेही मी पाहिले आहेत.

‘पास झालात की स्वतःचा दवाखाना’ हेही वाक्य लेखात आहे. आमच्या इलिनॉयमध्ये प्रमाणपत्र मिळाल्यावर ४००० तास काम आणि २५० तासांचं पुढचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत डॉक्टरशी लेखी करार लागतो. टेक्सासमध्ये कितीही वर्षं काम केलं तरी तो सुटत नाही. राज्याराज्यांत कायदा वेगळा आहे, हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

आणि भाचीला भारतातच काय करता येईल, यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही. मनोरुग्ण परिचर्येत दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग आपल्याकडे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मनोरुग्ण परिचर्येचं शिक्षण वॉर्डातच होतं. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला, तोसुद्धा रेसिडेन्सीचा आहे, बहुतेक वेळ रुग्णाजवळ. म्हणजे आपल्या परिषदेला जे कळतं ते तुमच्या पुरवणीला कळायला हरकत नव्हती.

आता आणखी एक, आणि हे मला जास्त लागलं. लेखासोबत येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकाचा फोटो आहे आणि खाली ‘वेड्यांचे इस्पितळ’ असं छापलंय. विद्यार्थिदशेत माझी तिथे पोस्टिंग होती. कोण पोळीचे तुकडे केल्याशिवाय खात नाही आणि कुणाला आंघोळीच्या पाण्याची भीती वाटते, हे तिथल्या सिस्टर तोंडपाठ सांगायच्या. मला या कामाची गोडी तिथे लागली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या पानावर तो शब्द येतो. तिथे ज्यांची आई किंवा भाऊ दाखल आहे असे तुमचे वाचक नाहीत का? माझी स्वतःची एक काकू तिथे होती. घरात आम्ही तिचं नाव घेऊन बोलायचो, तो शब्द वापरून नाही.

लेखाखाली चौकटीत एका सल्लागार संस्थेचा फोन नंबर आहे. हा लेख होता की जाहिरात? जाहिरात असेल तर वर तसं छापायला हवं होतं. माझ्या भाचीने तो लेख समजून वाचला आणि त्या नंबरवर फोनही केला. गुरुवारी तिची बँकेत कर्जासाठी भेट ठरली होती. मी काल रात्री तिला सगळं सांगितलं आहे, ती जाणार नाही. पण तिच्या हॉस्टेलच्या नोटिस बोर्डावर ते पान अजून लावलेलं आहे आणि आणखी चार मुलींनी तो नंबर लिहून घेतला आहे. कृपया दुरुस्ती गुरुवारच्या आत छापावी.

आपली,
एक जुनी वाचक
(मूळची पुण्याची, सध्या शिकागोजवळ)