कौलावरचे साल, घराचे नव्हे

आमच्या बाजारपेठेतील घरे १८६५ची असल्याची बातमी वाचली. कौलांवर उठवलेल्या सालावरून हा निष्कर्ष काढलेला दिसतो, तो पटत नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला ते हे साल; पुढे अनेक वर्षे तेच कौलांवर उमटत राहिले. ही कौले समुद्रमार्गे कोकणातल्या बंदरांत उतरत आणि कित्येकदा आधीची अर्धगोल नळीची कौले किंवा गवत काढून जुन्याच घरांवर चढत. त्यामुळे घर त्याआधीचे असेल, बरेच नंतरचेही. खरे वय जुनी खरेदीखते आणि घरपट्टीच्या नोंदींत शोधावे लागेल. रस्ता रुंदीकरणात जांभ्याची जोती, पडव्या जाण्याआधी नगरपरिषदेने निदान एवढी नोंद करून घ्यावी.

– एक वाचक, मालवण